चौकशीचे आदेश दिलेत. बरं, मग पुढे?

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये मी लहानपणापासून बसतोय. वाटेत राखाडी रंगाच्या बोटी दिसल्या की बाबा सांगायचे, "ती बघ, नेव्हीची." मी उठून उभा राहायचो. आजही नजर आपोआप तिकडे वळते, पण १८ डिसेंबर २०२४ नंतर त्या नजरेत थोडी धाकधूक मिसळली आहे, हे कबूल करतो.

त्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी सुरू असताना ताबा सुटला, असं नौदलानेच त्या दिवशी सांगितलं. १५ माणसं गेली. त्यात सहलीला आलेली कुटुंबं होती, नौदलाचा माणूस होता आणि चाचणीसाठी स्पीडबोटीवर असलेली इंजिन कंपनीची माणसंही होती. शेवटी सापडलेला मृतदेह सात वर्षांच्या मुलाचा होता. बऱ्याच जणांना जेएनपीएच्या पायलट बोटीने आणि आसपासच्या बोटवाल्यांनी बाहेर काढलं. कित्येकांना आमच्या उरणच्या बाजूला आणलं. त्या रात्री इथे घराघरांत एकच विषय होता.

मग नेहमीचं वाक्य आलं: "बोर्ड ऑफ इन्क्वायरीचे आदेश देण्यात आले आहेत."

आज लिहायचंय ते या वाक्याबद्दल. आपण ते इतक्या वेळा ऐकलंय की आता ते 'भावपूर्ण श्रद्धांजली'सारखं वाटतं. पण हे बोर्ड म्हणजे नक्की काय, ते काय करतं आणि काय करत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

थोडक्यात सांगतो. नौदलात अपघात झाला, जहाजाचं नुकसान झालं, माणूस दगावला किंवा गैरवर्तनाची तक्रार आली, की वरिष्ठ अधिकारी एक चौकशी मंडळ नेमतो. मोठी घटना असेल तर आपल्याकडे हे आदेश मुंबईतल्या पश्चिम नौदल कमांडच्या पातळीवरून निघतात. मंडळात एक अध्यक्ष आणि काही सदस्य, सगळे गणवेशातले. जहाजाची लॉगबुकं, नकाशे, यंत्रांच्या नोंदी ते तपासतात, साक्षी घेतात. काय घडलं, का घडलं, कोणाची चूक दिसते आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावं, हे लिहून वर पाठवतात.

हे मंडळ म्हणजे न्यायालय नव्हे. ते कोणाला शिक्षा देत नाही. शिक्षेचा रस्ता वेगळा आहे. नेव्ही अ‍ॅक्ट १९५७ खाली कोर्टमार्शल होतं, नाहीतर प्रशासकीय कारवाई. जुन्या ब्रिटिश नौदलात तर जहाज बुडालं की कप्तानाला कोर्टमार्शलसमोर उभं राहावंच लागे, चूक असो वा नसो. जहाज तुझ्या ताब्यात होतं, तर उत्तर तू द्यायचंस. या परंपरेचा मला आदर वाटतो. आपल्याकडच्या किती खात्यांत पूल पडल्यावर कोणी स्वतःहून उत्तर द्यायला उभा राहतो, सांगा.

आणि आपल्या नौदलातही अशी माणसं आहेत. २६ फेब्रुवारी २०१४ ला 'सिंधुरत्न' पाणबुडीत धूर भरला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मंत्र्यांच्या बाबतीत आपण अशी उदाहरणं दुर्बीण लावून शोधतो.

पण राजीनाम्याने 'कोण' या प्रश्नाचं उत्तर मिळतं. 'का' हा प्रश्न उरतोच. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

फक्त मुंबईची यादी बघा. १४ ऑगस्ट २०१३ ला गोदीत उभ्या असलेल्या 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ जण गेले. ५ डिसेंबर २०१६ ला 'बेतवा' ही फ्रिगेट सुक्या गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. १८ जानेवारी २०२२ ला 'रणवीर'वर स्फोट झाला, तिघे गेले. २१ जुलै २०२४ ला 'ब्रह्मपुत्रा'ला दुरुस्तीदरम्यान आग लागली, जहाज कुशीवर कललं, एक नौसैनिक गेला. त्यानंतर पाचच महिन्यांनी नीलकमल.

प्रत्येक वेळी चौकशी झाली. एकाच गोदीत आठ वर्षांच्या आत दोन फ्रिगेट कलंडल्या. कारणं वेगळी असतील, नव्हे, आहेतच. पण पहिलीच्या अहवालातून जे शिकलो ते दुसरीच्या वेळी कामाला आलं का, एवढं साधं विचारायचं तर विचारणार कुठे? अहवाल कपाटात असतो. मी शोधला. सारांशसुद्धा सापडला नाही.

जे थोडंफार कळतं ते कॅगमुळे. २०१७ च्या अहवालात कॅगने २००७-०८ ते २०१५-१६ या काळातले ३८ अपघात मोजले. त्यांत ३३ माणसं गेली होती. सिंधुरक्षकबद्दल दोन गोष्टी तिथेच वाचायला मिळाल्या: कामाचा कार्यक्रम मंजूर करताना खलाशांच्या थकव्याचा नीट विचार झाला नव्हता, आणि पाणबुडीवर मुदत संपलेली शस्त्रंही होती. म्हणजे स्फोटानंतर जवळपास चार वर्षांनी, हिशेब तपासणाऱ्या खात्याकडून आपल्याला हे समजलं. त्या १८ जणांच्या घरच्यांनी तोवर काय समजून घ्यायचं होतं?

आता कमेंटमध्ये येणार आहे ते आधीच लिहितो. "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, सगळं चव्हाट्यावर मांडायचं का?"

नाही. पाणबुडी किती खोल जाते, कुठलं शस्त्र कुठे ठेवतात, हे मला नकोच आहे. दुसरा मुद्दा त्याहून वजनदार आहे, तोही मान्य करतो. साक्ष देणाऱ्या खलाशाला 'उद्या हे पेपरात येणार' अशी भीती असेल तर तो खरं बोलणार नाही, आणि खरं कळलं नाही तर पुढचा अपघात टळणार नाही. म्हणून साक्षी गुप्त राहिल्या तर माझी हरकत नाही. निष्कर्ष गुप्त ठेवायला आहे.

अमेरिकेचं नौदल काही कमी गुप्तता पाळत नाही. २०१७ साली त्यांच्या दोन विनाशिका व्यापारी जहाजांना धडकल्या. जूनमध्ये 'फिट्झगेराल्ड', ७ मृत्यू. ऑगस्टमध्ये 'जॉन मॅक्केन', १० मृत्यू. १ नोव्हेंबरला दोन्हींचा अहवाल लोकांसमोर होता. मॅक्केनवर सुकाणूचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला आणि ते कोणाला कळलंच नाही, प्रशिक्षण अपुरं होतं, हे सगळं लिहिलेलं. शिवाय नागरी वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र मंडळानेही वेगळी चौकशी केली. शेवटी विनाशिकांवरचे टचस्क्रीनचे थ्रॉटल काढून पुन्हा हाताने ओढायचे बसवायचं ठरलं. त्यामुळे अमेरिकेचं आरमार दुबळं झालं, असं ऐकिवात नाही.

स्वतःची चौकशी स्वतः केली की काय होऊ शकतं, याचं उदाहरणही त्यांच्याकडचंच आहे. एप्रिल १९८९ मध्ये 'आयोवा' युद्धनौकेच्या तोफेच्या बुरुजात स्फोट होऊन ४७ जण गेले. नौदलाच्या चौकशीने ठपका ठेवला तो त्याच स्फोटात मेलेल्या एका खलाशावर. म्हणे त्याने मुद्दाम घडवलं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. त्यांच्या संसदेला हे पटलं नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी झाली आणि तोफेत दारू जास्त जोराने ठासली गेल्यानेही स्फोट होऊ शकतो हे दिसलं. १९९१ मध्ये नौदलप्रमुखांनी त्या खलाशाच्या घरच्यांची माफी मागितली. बाहेरचा डोळा नसता तर तो मुलगा कायमचा खुनी ठरला असता.

म्हणून मला वाटतं, बाहेरच्या चौकशीची गरज सगळ्यात जास्त खुद्द गणवेशातल्या पोरांना आहे.

परदेशाची उदाहरणं खुपत असतील तर आपल्याच देशातलं घ्या. रेल्वेच्या मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. कारण साधं आहे, ज्याची गाडी घसरली त्यानेच पंच व्हायचं नाही. ते जाहीर सूचना काढतात, 'कोणाला साक्ष द्यायची असेल तर या' म्हणतात. उरणच्या लोकलला काही झालं तर मी जाऊन सांगू शकतो की मी काय पाहिलं. माझ्या लाँचला नौदलाच्या बोटीने ठोकलं तर?

नीलकमलच्या बाबतीत कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला, हे खरं. पण पोलीस गुन्हेगार शोधतात. वर्दळीच्या वाटेत वेगाच्या चाचणीला परवानगी कोणी, कुठल्या नियमाने दिली, आणि तो नियम आता बदलला का, हे त्यांचं काम नाही. प्रवासी बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, म्हणून तिचा परवाना गेला. दुसऱ्या दिवसापासून आपल्याला लाइफ जॅकेटं घालायला लावली. ठीकच झालं. म्हणजे प्रवाशाने आणि बोटवाल्याने काय करायचं ते एका दिवसात ठरलं. समोरच्या बाजूने काय बदलायचं ठरलं, ते मात्र आपल्यापर्यंत पोचलं नाही.

आणि प्रश्न फक्त मुंबईच्या बंदराचा नाही. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला गोव्याच्या पुढे खोल समुद्रात 'मारथोमा' ही मासेमारी बोट आणि आपली पाणबुडी यांची टक्कर झाली. १३ पैकी ११ जण वाचले, दोघे गेले. दर्यावर जाणाऱ्या प्रत्येक तांडेलाला हे माहीत असायला हवं की असं पुन्हा होऊ नये म्हणून त्याने काय करायचं आणि नौदल काय करणार.

माझं मागणं फार नाही. एक, नागरिक मेले असतील तर चौकशीत नौदलाबाहेरचा, समुद्राची जाण असलेला एक तरी सदस्य हवा आणि मृतांच्या घरच्यांना बोलायची संधी हवी. दोन, वर्षभरात निष्कर्षांचा सारांश जाहीर व्हावा, गुप्त भाग काळा करून चालेल. तीन, शिफारशींचं पुढे काय झालं, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी ठेवावं.

यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. माहिती अधिकार कायद्यातून ज्या संस्थांना सूट आहे त्या यादीत नौदल नाही. सुरक्षेच्या कारणाने माहिती नाकारता येते, पण त्याच कायद्यात, जनहित मोठं असेल तर ती देता येते, असंही लिहिलंय. मी अर्ज टाकतोय. फक्त तीन प्रश्न आहेत: नीलकमलची चौकशी पूर्ण झाली का, शिफारशी किती, आणि अमलात किती आल्या. उत्तर आलं की इथेच टाकेन, नकार आला तर तोही टाकेन.

परवा लाँचमध्ये शेजारच्या सीटवर एक चिमुरडी होती, लाइफ जॅकेटमध्ये पार बुडालेली. राखाडी बोट दिसली तशी ती उठली आणि जोरजोरात हात हलवायला लागली. आईने तिला ओढून खाली बसवलं.

त्या बाईला घाबरायची गरज नाही, हे तिला कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं. बस, एवढंच.