चित्र पडद्यावर, चित्रकार कुठे?

समकालीन चित्रकलेला इतिहासाबाहेर ठेवणाऱ्यांनी वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण पाहावे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले हे अबोल चित्रकार २००१ मध्ये निवर्तले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. संयोजन संधिनी पोद्दार यांचे.

मराठीत त्यांच्यावरचा ग्रंथ सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे २०१६ मध्ये काढला. त्यात गायतोंडे यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी आहेत. त्यांना वेळेत विचारले नसते, तर कॅनव्हास उरले असते, माणूस हरवला असता.

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावती-अकोल्यात रंगवलेले चित्र आज संध्याकाळपर्यंत इन्स्टाग्रामवर पोहोचते. उत्तमच! पण माध्यम, आकार, वर्ष यांची नोंद क्वचितच असते. पुढे पाठवता पाठवता नावही गळते. शिलालेखातील एका अक्षरावरून रात्र जागवणारे आपण, या बेफिकिरीला मात्र दस्तऐवज म्हणतो.

प्रदर्शनाचा संयोजक काय निवडले, का निवडले, कशाशेजारी ठेवले, याचा हिशेब देतो. अल्गोरिदम निवडतो, कारण सांगत नाही. म्हणून माझा आग्रह पुस्तकाचा; ४० पानांचे का असेना. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी ‘शिल्पकार चरित्रकोशा’च्या दृश्यकला खंडात (२०१३) महाराष्ट्रापुरते हे काम केले. जिल्ह्याचा आरंभ एखाद्या निवृत्त चित्रकला शिक्षकाच्या घरी होईल. वही न्यावी, चित्रे उलटी करून मागच्या तारखा उतरवाव्यात, आणि गुरुजींना बोलू द्यावे.