इंजिन खोलण्याआधी तपासणीचे पैसे द्या

‘गाडी तापते आणि आवाजही येतोय,’ एवढं सांगितलं की बऱ्याच गॅरेजांत उत्तर ठरलेलं असतं: हेड उतरवावं लागेल. बॉनेट अजून उघडलेलं नसतं, गाडी नेमकी कधी तापते हेही कुणी विचारलेलं नसतं, पण खर्चाचा आकडा सांगून झालेला असतो. जुनी बोलेरो, सुमो, क्वालिस किंवा स्कॉर्पिओ सांभाळणाऱ्या माणसाला तो आकडा ऐकून गाडी भंगारात घालावीशी वाटते. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि आता कराडात ओळखीच्यांच्या गाड्या पाहून देतो. यातल्या पुष्कळ गाड्यांचं इंजिन खोलायची गरजच नसते. तरी ते खोललं जातं, आणि त्याला गॅरेजवाल्याइतकेच आपण मालकही जबाबदार आहोत.

आमच्या शेजारच्या गुरुजींची बोलेरो 2008 सालची आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी त्यांनी ती रीतसर नूतनीकरण करून घेतली. मुलगी चिपळूणला दिलेली, त्यामुळे कुंभार्ली घाटातून सतत जाणं-येणं. येताना पोफळी सोडली की काटा चढायला लागायचा आणि निम्म्या घाटात लाल पट्ट्याला टेकायचा. घाटमाथा ओलांडून कोयनानगरच्या बाजूला लागलं की आपोआप खाली. शिवाय इंजिनाच्या पुढच्या बाजूने घरघर. एका गॅरेजने हेड गॅस्केट गेलंय म्हणून सांगितलं होतं, आणि आवाज आहेच तर ‘एकदाच सगळं इंजिन करून घ्या’ असा सल्लाही दिला होता.

मी त्यांना एकच विचारलं, ‘गुरुजी, हायवेला ऐंशीच्या वेगात तापते का?’

‘छे हो! साताऱ्याला जाऊन येतो, काटा हलत नाही.’

निम्मं निदान या उत्तरात झालं. गाडी वेगात असली की समोरचा वारा रेडिएटरमधून आपसूक जातो. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन जिवाच्या आकांताने ओढत असतं, उष्णता भरपूर, वारा मात्र नाही. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून चढाला किंवा ट्रॅफिकमध्ये तापणारी गाडी आली की आधी पंखा आणि रेडिएटरची बाहेरची जाळी बघायची. सपाट रस्त्यावर वेगात तापत असेल तर संशय पाण्याच्या फिरण्यावर: रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही किंवा पंप पाणी ढकलत नाही. हेड गॅस्केटची लक्षणं वेगळी असतात. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाणी गरम व्हायच्या आतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, कुलंटच्या टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, गळती कुठे दिसत नाही तरी पाणी कमी होत राहतं. गुरुजींच्या गाडीत यातलं काही नव्हतं.

या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरतो आणि मधे व्हिस्कस कपलिंग असतं. त्यात सिलिकॉन तेल असतं. रेडिएटरमधून आलेली गरम हवा लागली की कपलिंग आतून पकड घेतं आणि पंखा घोंघावत जोरात फिरायला लागतो. जुनी गाडी चालवणाऱ्याला तो घाटातला घोंघाट ओळखीचा असतो. गुरुजींच्या गाडीत तो कधीपासून ऐकू येत नव्हता, हे त्यांनाही विचारल्यावरच आठवलं. इंजिन चांगलं गरम करून बंद केलं आणि पंख्याला हाताने झोका दिला. चांगलं कपलिंग हाताला जड लागतं, पंखा लगेच थांबतो. हा गरगरत राहिला.

मग आवाज. पट्टा उतरवून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं; पंपही त्याच पट्ट्यावर असल्याने त्याहून जास्त चालवायचं नाही. घरघर गायब! म्हणजे आवाज क्रँक, पिस्टन, टॅपेट यांतला नव्हता, पट्ट्यावर फिरणाऱ्या कुठल्या तरी बेअरिंगचा होता. पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवली तर स्पष्ट खेळ जाणवला, आणि वॉटर पंपाच्या पोटाशी जे बारीक भोक असतं तिथून खाली कुलंट ओघळून वाळल्याची हिरवट रेघ दिसली. पंपाचं बेअरिंग गेलेलं, सील गळायला लागलेलं, आणि त्याच शाफ्टवर पंख्याचं कपलिंग बसवलेलं. तापणं आणि आवाज या दोन्ही तक्रारी एकमेकांपासून वीतभर अंतरावरच्या निघाल्या. एसीचा कंडेन्सर सैल करून पाहिलं तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल, पाचट, किडे यांचा थर बसलेला. समोरून पाणी मारून तो कधीच निघत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवावा लागतो. पंप, कपलिंग, पट्टा, कुलंट आणि मजुरी धरून गुरुजींचा खर्च आधी सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यात बसला. हेडचा एक बोल्टही सैल केला नाही.

यात माझी हुशारी नाही. हे सगळं आम्ही आयटीआयच्या वर्गात शिकवायचो आणि पोरांना ते येतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं हायवेलगत गॅरेज आहे. त्याला एकदा रागानेच विचारलं, की मुळातून तपासत का नाहीस? तो म्हणाला, ‘सर, दोन तास तपासून मी दोनशे रुपयांचं रेडिएटरचं झाकण बदललं, तर गिऱ्हाईक झाकणाचेच पैसे देतं. वर म्हणतं, एवढंच तर केलंस. हेड उतरवलं की कुणी मजुरीला नाही म्हणत नाही.’

त्याच्या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण तो खरं बोलत होता. डॉक्टरने तपासून ‘काही विशेष नाही, दोन दिवस विश्रांती घ्या’ म्हटलं तरी आपण फी देतो. मिस्त्रीने तेच सांगितलं तर आपल्याला फुकटात हवं असतं. ज्या धंद्यात डोकं चालवण्याचे पैसे मिळत नाहीत आणि सुटे भाग बदलण्याचे मिळतात, तिथे सुटे भागच बदलले जाणार.

बरं, ते झाकणही क्षुल्लक नसतं. त्याची स्प्रिंग कुलंटवर साधारण एक बारचा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली की ही वीस अंशांची सवलत जाते. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात गरम करा; बहुतेक इंजिनांतला ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडायला लागतो, तो डोळ्यांना दिसतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे ती चुकीची आहे. त्याने इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त जातं आणि खरा दोष झाकला जातो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणंही बंद करा. त्यातल्या क्षारांचा थर आतल्या नळ्यांत बसतो आणि मग गाडी हायवेलाही तापते.

इंजिन खोलावंच लागतं अशाही वेळा असतात. भार पडल्यावर खालून येणारा जड ठोका, काढलेल्या ऑइलमध्ये चकाकणारे धातूचे कण, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, अशी लक्षणं एकत्र दिसली तर एक दिवसही पुढे ढकलू नका. ठोका नोझलचा आहे की बेअरिंगचा, हे जुन्या साध्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलचा पाइप सैल करून कळतं. कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ते कातडीत घुसतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला, हे चांगलं झालं. पण कराड, पाटण, चिपळूणच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात हा हक्क आपल्यालाच वागण्यातून आणावा लागेल.

म्हणून जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गॅरेजात गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘मिस्त्री, आधी नुसतं तपासा, तपासण्याचे पैसे मी वेगळे देतो.’ चढावर तापते की सपाटीला, एसी लावल्यावर की एरवीही, आवाज थंड असताना की गरम झाल्यावर, हे लिहून न्या. दोष काय आणि तो कशावरून ठरवला, हे एका कागदावर मागा. बदललेला प्रत्येक भाग परत घ्या. आणि मिस्त्रीने झाकण बदलून गाडी नीट करून दिली, तर त्याच्या दोन तासांचे पैसे हातात ठेवल्याशिवाय तिथून निघू नका.