दिवाणखान्यातील लाकडी जमिनीविषयी भारतीय मानक ब्यूरोस खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली.

सन्माननीय महोदय,

सन १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था या नावाने आरंभिलेले आणि १९८७ पासून आपल्या ब्यूरोच्या स्वाधीन झालेले प्रमाणीकरणाचे कार्य सामान्य गृहस्थाच्या किती उपयोगी पडते, हे सिमेंटचे पोते किंवा प्रेशर कुकर विकत घेताना त्यावरील शिक्का शोधणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्याच विश्वासाने, आमच्या शहरांतील घरांत गेल्या काही वर्षांत झपाट्याने शिरलेल्या एका वस्तूकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे दिवाणखान्यात घातली जाणारी लाकडी जमीन.

दुकानात लॅमिनेट, इंजिनिअर्ड आणि अस्सल भरीव लाकूड अशा तीन फळ्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. समोरून पाहता तिन्हींवर सागाचे तेच रेषांकन, त्याच गाठी आणि तोच मधासारखा रंग दिसतो, आणि भावातील तफावत मात्र कित्येक पटींची असते. यांतील खरा भेद कळण्यास फळी हातात घेऊन तिची कापलेली कड उजेडात धरावी लागते. लॅमिनेटची कड एकसारखी तपकिरी दिसते, कारण तिचा गाभा लाकडाच्या बारीक तंतूंचा लगदा राळेत दाबून केलेला असतो, आणि वरचे सागाचे रूप हे मेलामाइनमध्ये भिजवलेल्या कागदावरील छायाचित्र असते. इंजिनिअर्ड फळीच्या कडेला प्लायवुडाचे आडवे-उभे थर मोजता येतात आणि त्यांच्या माथ्यावर खऱ्या लाकडाचा पापुद्रा दिसतो. भरीव फळीत मात्र पृष्ठावरची रेषा तशीच कडेतून खाली उतरलेली असते. एवढे निरीक्षण ग्राहक करू शकतो. यापुढची माहिती, जिच्यावर त्या जमिनीचे आयुष्य अवलंबून असते, ती खोक्यावर शोधूनही मला क्वचितच सापडली, आणि विक्रेत्यास विचारली असता तो वॉरंटीची वर्षे सांगू लागतो.

मुख्य मुद्दा वरच्या थराच्या जाडीचा आहे. लाकडी जमीन मळली, ओरखडली की ती मशीनने घासून पुन्हा पॉलिश करता येते, हाच तिचा टाइल्सहून मोठा गुण. आणि अशा प्रत्येक घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. आता वीस मिलिमीटर जाडीची भरीव फळी पिढ्यान्‌पिढ्या घासता येईल असा जो समज आहे, तो पुरता खरा नाही, कारण दोन फळ्या जोडणारा नर-मादी सांधा जाडीच्या मध्याजवळ असतो, आणि त्याच्या वरचे पाचसहा मिलिमीटर एवढेच काय ते कामाचे लाकूड. म्हणजे ज्या इंजिनिअर्ड फळीचा वरचा थर चार ते सहा मिलिमीटरांचा आहे, ती या बाबतीत भरीव फळीच्या पंक्तीस बसते. उलट जिचा थर अवघा ०.६ मिलिमीटर आहे, तिला मशीन लावण्याची सोयच नाही, आणि तिची गणना व्यवहारतः लॅमिनेटाशेजारीच केली पाहिजे. या दोन्ही फळ्या एकाच नावाने, एकाच कपाटात, एकाच तोंडाने विकल्या जातात. भरीव आणि इंजिनिअर्ड यांच्यात जे अंतर आहे त्याहून अधिक अंतर इंजिनिअर्ड म्हणवणाऱ्या दोन फळ्यांमध्ये असू शकते, आणि ग्राहकाला ते दाखवणारा आकडा एकच आहे. तो खोक्यावर ठळक अक्षरांत छापण्यास कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही.

दुसरा मुद्दा आर्द्रतेचा असून त्याविषयी आपल्याच दफ्तरातील भारतीय मानक २८७ चा दाखला देतो. हवेतील सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून, कोणत्या विभागात कोणत्या कामासाठी लाकडात किती ओल असावी याच्या शिफारशी त्या मानकाने केल्या आहेत. लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. लांबीत ते फारसे बदलत नाही, परंतु रुंदीत फुगते व आकसते, आणि वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत हा बदल त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेला लाकडाचा शत्रू समजून नागपूरकर मंडळी निश्चिंत राहतात. वस्तुतः मे महिन्याच्या भाजून काढणाऱ्या कोरडेपणातून आषाढ-श्रावणाच्या ओलीत जाणारी विदर्भाची हवा फळ्यांना अधिक ओढाताण करते, कारण सांधे उघडतात ते हवेतील चढउतारामुळे. त्यातच दिवसभर वातानुकूलन यंत्र चालणारी खोली आणि तिच्यालगतची उघडी गच्ची यांचे हवामान भिन्न असते. एकमेकांवर काटकोनात चिकटवलेल्या थरांमुळे इंजिनिअर्ड फळी ही ओढाताण पुष्कळशी आवरून धरते, हा तिचा खरा गुण. भरीव फळीस मात्र भिंतीलगत मोकळी जागा, भट्टीत नीट वाळवलेले लाकूड आणि जाणता सुतार हे तिन्ही लागतात. परदेशातील हवेसाठी वाळवलेली फळी ठाण्याच्या सदनिकेत पावसाळ्याच्या तोंडावर घातली, तर पुढे काय होईल याचा जबाब कोणी द्यावयाचा?

लॅमिनेटची मी उपेक्षा करू इच्छीत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास, किंवा चार-पाच वर्षांत जागा बदलणाऱ्यास, जुन्या फरशीवर फोम अंथरून दोन दिवसांत बसणारी आणि उचलून नेता येणारी ही जमीन सोयीची आहे. तिचा पृष्ठभाग अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या थरामुळे खुर्च्यांच्या पायांना खऱ्या लाकडापेक्षा चांगला पुरतो. परंतु तिच्यावर एसी-३, एसी-४ असे जे युरोपीय दर्जे छापलेले असतात, ते पृष्ठभागाच्या झिजेचे असतात, पाण्याचे नव्हेत. आणि आठऐवजी बारा मिलिमीटर जाडी घेतल्याने पायाखाली भरीवपणा येतो, झीज कमी होत नाही. आमच्याकडे तर रोज सकाळी बादलीत पिळलेल्या फडक्याने लादी पुसण्याची रीत. ते पाणी सांध्यात उतरले की तंतूंचा गाभा फुगतो आणि दोन फळ्यांच्या जोडावर बोटाला जाणवेल असा उंचवटा उठतो, जो पुढे वाळला तरी बसत नाही आणि घासताही येत नाही. बाल्कनीच्या दारापाशी आणि झाडांच्या कुंडीखाली हे प्रथम दिसते.

गोंदातील फॉर्माल्डिहाइडचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हे द्रव्य मानवी कर्करोगास कारणीभूत ठरवले. दाबलेल्या गाभ्यातून ते दीर्घकाळ हवेत मिसळत राहते, आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाण वाढते. ज्या जमिनीवर रांगती मुले दिवस काढतात, तिच्याविषयी हा तपशील ग्राहकाने मागितल्यावरच मिळावा, ही स्थिती मला असह्य वाटते.

माझा स्वतःचा कौल विचाराल, तर तळमजल्यावर, जेथे जमिनीतून ओल चढते आणि वाळवीचे भय असते, तेथे कोटा किंवा शहाबादच बरा. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात निदान तीन मिलिमीटर थराची इंजिनिअर्ड फळी, पूर्ण चिकटवून. आणि ज्याच्यापाशी पैसा, धीर व सुतार आहे त्याने बल्लारशा-आलापल्लीच्या पक्व सागाची भरीव जमीन अवश्य करावी. मात्र साग या नावाखाली परदेशातील लवकर तोडलेल्या लागवडीचे लाकूडही येते, ज्यात टिकाऊ अंतःकाष्ठ थोडे आणि फिकट रसकाष्ठ फार असते. म्हणून झाडाची जात आणि मूळ देश यांचाही उल्लेख हवा.

सबब विनंती अशी की, वरच्या थराची जाडी, गाभ्याचा प्रकार, कारखान्यातून निघतानाची लाकडातील ओल व ती आपल्या चारपैकी कोणत्या विभागास योग्य आहे, फॉर्माल्डिहाइडचा दर्जा आणि ओल्या फडक्याने पुसण्यास योग्य की अयोग्य, एवढ्या बाबी प्रत्येक खोक्यावर, विक्री जेथे होते तेथील भाषेतही, नमूद करणे सक्तीचे व्हावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने वस्तूचा दर्जा व गुणवत्ता जाणून घेण्याचा जो हक्क आम्हांस दिला आहे, त्यात हे सर्व बसते. मानकांचे मसुदे हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करण्याची आपली पद्धत आहेच. लाकडी जमिनीविषयी असा मसुदा निघेल त्या वेळी कारखानदारांच्या बरोबरीने जमीन बसवणाऱ्या कारागिरांनाही बोलवावे, कारण उखडलेले सांधे दुरुस्त करण्यास शेवटी तेच गुडघ्यांवर बसतात आणि दोष कोठे होता हे त्यांनाच ठाऊक असते.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ग्राहक