राजधानीतील एक तास

आमच्या सुशिक्षित वर्गात हल्ली एक क्रियापद फार स्वस्त झाले आहे; ते म्हणजे 'पाहणे'. पुण्यामुंबईहून मोटारीने गोव्यास निघालेले कुटुंब किनाऱ्यावरील मुक्कामाच्या वाटेवर पणजीस तासभर थांबते, चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढते, आणि घरी परतल्यावर 'पणजी पाहिली' असे निःशंकपणे सांगते. एका राज्याच्या राजधानीशी झालेल्या या व्यवहारास पाहणे म्हणावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या डिसेंबरात मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयापाशी मी उभा असता असेच एक कुटुंब मोटारीतून उतरले. तेथे एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे झुकली आहे. आठनऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, हा माणूस त्या बाईला काय करतोय?" वडील हातातील मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "भूतबीत काढत असेल. चल, उशीर होतोय." मुलीचा प्रश्न अस्सल जिज्ञासेचा होता, उत्तर मात्र सुशिक्षितास शोभणारे नव्हते.

तो पुतळा आबे फारिया यांचा. १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेल्या या धर्मोपदेशकाने १८१३ साली पॅरिस येथे संमोहनावर जाहीर व्याख्याने देण्यास आरंभ केला. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकी प्रवाह वाहतो, असे त्या काळी मानीत. फारियांनी हे नाकारले आणि संमोहनाचे कारण संमोहित होणाऱ्याच्याच मनात आहे, असे प्रतिपादन केले. गूढ शक्तींवरील विश्वासास ज्याने धक्का दिला, त्यालाच आम्ही मांत्रिक ठरवून मोकळे झालो! पुतळा घडविला तोही मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने, १९४५ साली.

शेजारचीच इमारत मुळात आदिलशहाचा वाडा. रोगराईने जुने गोवे ओस पडू लागले तेव्हा, १७५९ साली, पोर्तुगीज विजरई या वाड्यात राहावयास आला. १८४३ साली पणजीस राजधानीचा रीतसर दर्जा मिळाला. गोवा मुक्त झाल्यावर येथेच भरणारी विधानसभा २००० साली नदीपलीकडे पर्वरीस गेली. एक राजधानी का मरते व दुसरी कशी उदयास येते, हे सारे त्या पुतळ्यापासून चार पावलांवर समजण्याजोगे आहे. त्यास तास पुरतो. पण तो तास छायाचित्रांत गेला तर दिवसही पुरणार नाही.

यावर उत्तर ठरलेले असते : 'वर्षातून चार दिवस सुटी मिळते, तेथेही शाळा कशाला?' हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. शिणलेल्या माणसास विश्रांतीचा हक्क आहे, आणि मुलांना सनावळ्या पाठ करावयास लावणारा बाप सहलीचा विचकाच करील. परंतु येथे प्रश्न विचारला होता तो मुलीने. शाळा बापाने भरवावयाची नव्हती. भरलेली मोडावयाची नव्हती, एवढेच. 'मला ठाऊक नाही, आपण कोणास तरी विचारू,' या उत्तराने कोणाची सुटी बुडाली असती?

या उदासीनतेचा उपद्रव दुसऱ्यांसही होतो. फोंताइन्हासच्या रंगीत गल्ल्यांत आजही कुटुंबे नांदत आहेत. तेथील ओट्यांवर विनापरवानगी बसून, दारांस टेकून आमची मंडळी छायाचित्रे काढतात, आणि घरातून कोणी हटकले तर त्या माणसासच उद्धट म्हणतात. आपल्या वाड्याच्या ओसरीवर परका मनुष्य असा येऊन बसला असता तर आपण काय केले असते? दुसऱ्याचे गाव म्हणजे आपल्या छायाचित्राचा पडदा, हा धडा मुले अशा वेळी आईबापांकडून न सांगताच शिकतात. आणि न सांगता शिकविलेलेच फार काळ टिकते.

तेव्हा माझी मागणी लहानशी आहे. राजधानीत तासभरच थांबा. पण एकाच वस्तूपाशी थांबा. मुलांनी विचारलेल्या एका तरी प्रश्नाचे खरे उत्तर शोधा, आणि कोणाच्या दारापाशी छायाचित्र काढण्यापूर्वी त्या घरच्यांस विचारा. एवढे झाले, तर 'पणजी पाहिली' असे म्हणण्यास माझी हरकत नाही.