मॅनेजरचं घड्याळ

अरुण कोलटकरांच्या एका कवितेत एक माणूस मॅनेजरकडे पगार मागतो. पहिल्या तारखेआधी मिळणार नाही, नियम आहे, असं मॅनेजर सुनावतो. माणूस शांतपणे टेबलावरचं मॅनेजरचं घड्याळ उचलतो. कविता मुंबईच्या नाक्यावरच्या हिंदीत आहे. कोलटकरांनी स्वतःच ती इंग्रजीत नेली, तेव्हा हा माणूस अमेरिकी रस्त्यावरचं बोलू लागला. कोलटकर शब्दाला शब्द लावत बसले नाहीत. अशी जिरवणारा माणूस तिकडे कसा बोलेल, ते त्यांनी ऐकलं.

परदेशी कविता मराठीत येते तेव्हा हे ऐकणं बहुतेकदा राहून जातं, अशी माझी तक्रार आहे. पोलंडची शिम्बोर्स्का, तुरुंगात वर्षं काढलेला तुर्की नाझिम हिकमत, पॅलेस्टाईनचा महमूद दरवीश हे सगळे आपल्याकडे एकाच शुद्ध, इस्त्री केलेल्या मराठीत बोलतात. कविता इंग्रजीमार्गे येते म्हणून असं होतं, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मायकोव्हस्कीच्या दीर्घकवितेला सदानंद रेग्यांनी ‘पँट घातलेला ढग’ असं नाव दिलं. मेघ नाही, ढग. आणि त्याच्या अंगावर सरळ पँट. त्या तीन शब्दांतच तो रशियन तरुण आपल्या गल्लीत येऊन उभा राहतो.

खरं तर मराठी कवितेलाही मराठीतच अनुवाद लागतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 साली आला. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहायला घेतली आणि न कळलेल्या शब्दांची यादी करून ते कवीलाच अर्थ विचारत गेले. केवढा मोठा नाटककार, बोलीभाषेचा केवढा तयार कान! तरी ढसाळांच्या कवितेतलं कामाठीपुऱ्याचं मराठी त्यांना विचारून घ्यावं लागलं. ते विचारणं मला अनुवादकाचं पहिलं काम वाटतं. पुढे दिलीप चित्रे यांनी ढसाळ इंग्रजीत नेले. 2007 साली त्या अनुवादांचं पुस्तक आलं. तुकाराम इंग्रजीत नेणारेही चित्रेच. देहू आणि कामाठीपुरा या दोन्ही ठिकाणचं मराठी ज्याच्या कानात एकाच वेळी राहतं, असा माणूसच हे करू जाणे.

म्हणून अनुवादकांना माझी कळकळीची विनंती आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, बाजारातलं, स्वयंपाकघरातलं मराठी परक्या कवींसाठीही उघडा. बहिणाबाईंच्या बोलीला जे पेललं, ते तिला शिम्बोर्स्कासाठी का पेलू नये?

मालक वारल्यानंतर रिकाम्या घरात उरलेल्या मांजरावर शिम्बोर्स्काची एक कविता आहे. माणूस परत येणार नाही हे त्या मांजराला ठाऊक नाही. तो आला की लगेच धावायचं नाही, आपण नाराज आहोत हे दिसू द्यायचं, असं ते ठरवतं. मी तिचा कच्चा मराठी मसुदा केला आणि अमरावतीच्या मावशीला वाचून दाखवला. मांजर ‘दुखावल्या पावलांनी’ चालत येतं, असं मी लिहिलं होतं. मावशी म्हणाली, “अरे, फुगलंय ते. तसं लिही ना.” मग थोडा वेळ गप्प राहून तिने मला ती कविता पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.