फाटकाचा दोष गेटमनच्या माथी!

चंडीगड : १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याप्रमाणे उभारल्या गेलेल्या या शहराचा मोठा गौरव केला जातो. येथे रस्त्यांच्या सात श्रेणी ठरविण्यात आल्या. वेगवान वाहनांची वाट वेगळी आणि पायी चालणाऱ्याची वेगळी, हे तत्त्व कागदावर मान्य झाले. लोहमार्ग शहराच्या पूर्व कडेला राहिला. त्यामुळे सेक्टरांत राहणाऱ्या नागरिकाला रेल्वेचे फाटक क्वचितच आडवे येते. ते आडवे येते रुळांपलीकडच्या रायपूर कलाँसारख्या गावातील माणसाला. कामावर जाणारा मजूर, सायकलवरचा कारागीर, दूधवाला, शाळकरी पोर हे सारे फाटकापाशी तिष्ठत उभे राहतात. तेथे भुयारी मार्ग व्हावा, ही मागणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. नियोजन कोठे संपते आणि फाटक कोठे सुरू होते, याला एक वर्गीय भूगोल आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून फाटकावरील अपघातांचा विचारच करता येणार नाही.

फाटकावर माणसे मेली की सरकारी निवेदनात ठरलेले शब्द उमटतात : ‘मानवी चूक’. गेटमन निलंबित होतो, प्रसंगी तुरुंगात जातो आणि प्रकरण मिटते. आमचा सवाल असा आहे की, ज्या फाटकावर एका माणसाची एक चूक अनेकांचा जीव घेऊ शकते, ते फाटक तसे ठेवले कोणी? एका थकल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर शेकडो जीव टांगून ठेवण्याचा निर्णय गेटमनने घेतला होता काय?

आधी फाटक, मग पूल

जहाजांना वाट देण्यासाठी उचलले वा फिरविले जाणारे पूल जगात जेथे जेथे झाले, तेथे हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला. पूल उघडा आणि रस्ता मोकळा, असे एक क्षणभरही होता कामा नये. म्हणून कामाचा एक क्रम ठरला. प्रथम इशाऱ्याचे दिवे व घंटा, मग फाटके बंद, मग फाटकांना कुलूप. आणि ते कुलूप बसल्याखेरीज पुलाची कळ हलणारच नाही. परत जोडतानाही तेच : पूल जागी बसून पक्का अडकल्याखेरीज फाटक उघडणार नाही. क्रम चुकविण्याची मुभा माणसाला उरत नाही, हेच या यंत्रणेचे सार आहे. तिला इंटरलॉकिंग म्हणतात. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्या कुलुपात अडकवून ठेवावी, तशी ही परस्परांची कुलूपबंदी असते.

हा धडा सुखासुखी मिळाला नाही. २९ जून १८६४ रोजी कॅनडात बेलोय येथे बोटींसाठी उघडलेल्या पुलावरून एक आगगाडी थेट नदीत कोसळली. त्यात सुमारे ९९ माणसे मेली; बहुतेक सारे युरोपातून पोट भरायला आलेले गरीब स्थलांतरित. रेल्वे कंपनीने सारा दोष चालक आणि गार्ड यांच्यावर ढकलण्याचा प्रयत्न केला. पण चौकशीत मोठा दोषी ठरली ती कंपनीच. कारण पुलाआधी प्रत्येक गाडी थांबलीच पाहिजे हा कायदा तिने सर्रास धाब्यावर बसविला होता. मालकाने नियम मोडायचा आणि फाशी नोकराच्या गळ्यात अडकवायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

दूरध्वनीवरचा विश्वास

रेल्वेचे फाटक हाही एक प्रकारे हलता पूलच होय. कधी वाट रस्त्याची, कधी गाडीची; दोघांची एकाच वेळी कदापि नाही. इंटरलॉकिंग असलेल्या फाटकावर फाटक पडून कुलूप बसल्याखेरीज सिग्नल हिरवा होत नाही, आणि सिग्नल हिरवा असताना फाटक उघडत नाही. गेटमनला डुलकी लागली तर गाडी उभी राहील. माणूस मरणार नाही.

इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकावर काय होते? स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून गाडी येत असल्याचे कळवितो. गेटमन फाटक बंद केल्याचे सांगतो आणि खातरजमेदाखल प्रायव्हेट नंबर देतो. तो नंबर वहीत उतरतो आणि गाडी सुटते. फाटक खरोखर बंद आहे की उघडे, हे सिग्नलला ठाऊक नसते. सिग्नलचा विश्वास असतो तो फक्त तारेवरून आलेल्या एका आवाजावर!

८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे नेमके असेच फाटक होते. शाळेची व्हॅन रुळांवर असताना पॅसेंजर गाडीने तिला धडक दिली आणि तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला. गेटमनला अटक झाली. त्याच्या हयगयीचे समर्थन आम्ही करीत नाही. मुलांच्या आईबापांपुढे तसे समर्थन करण्याची कोणाची छातीही होणार नाही. परंतु त्या फाटकाला कुलूपबंदी असती तर ती हयगय जीवघेणी ठरली नसती. मग ज्यांनी ती कुलूपबंदी बसविली नाही, ते चौकशीच्या पिंजऱ्यात का नाहीत?

जिवाचा हिशेब

याचे उत्तर एका गणितात दडले आहे. फाटकाचे महत्त्व रेल्वे ‘टीव्हीयू’ या मापाने मोजते. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरील वाहनांची संख्या, असा हा गुणाकार आहे. मोटार एक एकक, बैलगाडी एक एकक, रिक्षा अर्धे एकक. चाळीस मुलांनी भरलेली शाळेची बसही एकच एकक! आणि पायी चालणारा? त्याची या हिशेबात गणतीच नाही. कडलूरच्या अपघातापूर्वी इंटरलॉकिंगसाठी २० हजार टीव्हीयूची मर्यादा होती. अपघातानंतर ती १० हजारांवर आणण्याचा आदेश निघाला. उड्डाणपुलाचा खर्च रेल्वेने वाटून घ्यावा, यासाठी एक लाख टीव्हीयू ही कसोटी वापरली जात आली आहे.

या आकड्यांचा अर्थ काय? दिवसाला ४० गाड्या आणि २५० वाहने असली की दहा हजार भरतात. वाहने २०० असली की आठ हजारच भरतात आणि फाटक यादीबाहेर राहते. जेथे मोटारी थोड्या आणि माणसे पुष्कळ, ते गाव या गणितात नेहमीच मागे पडणार. म्हणजे जीव वाचविण्याची यंत्रणा जिवांच्या संख्येवर नव्हे, तर वाहनांच्या संख्येवर मिळते. तीन मुले मेल्यावर मर्यादा निम्मी होऊ शकते, तर ती मरण्यापूर्वी का होऊ शकत नव्हती? तंत्र तेच होते, तिजोरीही तीच होती.

२०२५ च्या मध्यापर्यंत अकरा हजारांहून अधिक फाटकांवर इंटरलॉकिंग झाले, असे सरकार सांगते. ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. परंतु उरलेली हजारो फाटके अजून त्या तारेवरच्या आवाजाच्या भरवशावर आहेत, हेही त्याच आकड्यांतून निघते.

थांबणे म्हणजे विश्रांती नव्हे

आता गेटमनच्या कामाकडे पाहू. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कर्मचाऱ्यांची वर्गवारी आहे. ‘सतत’ काम करणाऱ्यांना सरासरीने आठवड्याला ५४ तास. आणि ज्यांचे काम ‘मूलतः खंडित’ मानले जाते त्यांना ७५ तासांपर्यंत! असंख्य गेटमन या दुसऱ्या वर्गात ढकलले गेले आहेत. बारा तासांच्या पाळीत निम्मा वेळ शारीरिक हालचालीची वा सततच्या अवधानाची गरज नसते, हा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद ज्यांनी केला त्यांनी एक रात्र फाटकावर काढून पाहावी. दोन गाड्यांच्या मधला वेळ विश्रांतीचा आहे काय? दूरध्वनी केव्हाही वाजेल, ट्रकवाला केव्हाही भांडेल, गुरे केव्हाही रुळांवर येतील. थांबणे हेच तर त्याचे काम. त्या थांबण्याला कायदा ‘निष्क्रियता’ म्हणतो आणि त्याच थांबण्यात डोळा लागला की त्याला गुन्हा म्हणतो. एकाच वेळी दोन्ही कसे खरे असेल?

हा झगडा जुना आहे. रेल्वे कामगारांच्या तासांचा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे आला आणि त्यांचा निवाडा १९४७ साली झाला. पुढे न्यायमूर्ती मियाभॉय यांच्या लवादापुढे तो पुन्हा गेला. ८ ते २७ मे १९७४ या काळात लाखो रेल्वे कामगारांनी जो ऐतिहासिक संप केला, त्याच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता. तो संप निर्दयपणे चिरडण्यात आला. अर्धशतक लोटले, तरी बारा तासांची पाळी नाहीशी झालेली नाही. संप चिरडता येतो. थकवा चिरडता येत नाही.

शिवाय कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस आणण्याची नवी तऱ्हा आहे. बिनपहाऱ्याच्या फाटकांवर ‘गेटमित्र’ या गोड नावाने तुटपुंज्या मोबदल्यावर माणसे उभी करण्यात आली. ना फाटक, ना कुलूप, हाती केवळ झेंडी. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेच्या व्हॅनला गाडीने उडविले आणि १३ मुले मेली, तेव्हा तेथे असा गेटमित्र होता. धावत्या गाडीला आणि धावत्या व्हॅनला मोकळ्या हातांनी तो काय अडविणार? महाराष्ट्रालाही हे दुःख परके नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान परिसरात बिनपहाऱ्याच्या फाटकावर लग्नाचे वऱ्हाड नेणाऱ्या ट्रॅक्टरला गाडीने धडक दिली आणि पन्नासाहून अधिक माणसे एका क्षणात गेली. ब्रॉडगेजवरील अशी बिनपहाऱ्याची सारी फाटके संपल्याची घोषणा व्हायला त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे लागली; ती जानेवारी २०१९ अखेर झाली.

यंत्राला विरोध नव्हे

येथे कोणी म्हणेल, मग सारे स्वयंचलित करा. माणूसच नको, म्हणजे मानवी चूकही नको. कारभाऱ्यांना हा तोडगा फार आवडतो. दुसरीकडे आपल्यापैकीच काही साथी म्हणतात, स्वयंचलित यंत्र म्हणजे नोकरीवर गदा. ते येऊच देऊ नका. दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत.

कुलूपबंदी ही गेटमनची शत्रू नाही. ती त्याची ढाल आहे. ती त्याला तुरुंगापासून वाचविते आणि मुलाला मरणापासून. म्हणून ती मागणे हा कामगाराचा हक्क आहे. परंतु यंत्र माणसाचे डोळे होऊ शकत नाही. दांडा पडला आणि बैलगाडीचे चाक रुळांत अडकून राहिले, तर झेंडी घेऊन गाडीकडे धावणारा माणूसच लागतो. यंत्राला तेल घालणारा, ते तपासणारा, बिघडल्यावर फाटक हाताने बंद करणारा माणूसच असतो. यंत्र आले म्हणून माणूस कमी करणे म्हणजे सुरक्षितता वाढविणे नव्हे. एक धोका काढून दुसरा ठेवणे होय.

पांबनचा नवा उचलता पूल ६ एप्रिल २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. पूर्वी १९१४ च्या पुलाचा मधला भाग कामगार हातांनी लिव्हर फिरवून उघडत, आता ७२.५ मीटरचा गाळा यंत्राने १७ मीटर उंच उचलला जातो. साडेपाचशे कोटींच्या आसपास खर्च झाला. अभियंते व कामगार यांच्या कौशल्याला आम्ही मान देतो. पण त्याच पुलाच्या पाहणीत रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये नियोजनातील गंभीर त्रुटी लेखी नोंदविल्या होत्या, हे विसरता येत नाही. यंत्र कितीही नवे असो, त्याच्यावर देखरेख करणारी, निर्भीडपणे नकार देऊ शकणारी माणसे लागतातच.

पैसा नाही, हे उत्तर तर आता चालणारच नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्येच सांगितले होते की, पाच वर्षांत सारी फाटके, पहाऱ्याची आणि बिनपहाऱ्याची, नाहीशी करावीत. त्यासाठी सुमारे ५० हजार कोटी रुपये लागतील. पाच वर्षांची मुदत २०१७ साली उलटून गेली. त्यानंतर वेगवान गाड्यांची उद्घाटने झाली, स्थानकांना नवे मुखडे चढले. पहाऱ्याची हजारो फाटके मात्र जागच्या जागी राहिली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहाऱ्याच्या प्रत्येक फाटकावर, टीव्हीयू कितीही असो, ठराविक मुदतीत इंटरलॉकिंग बसवा. गेटमनला आठ तासांची पाळी द्या आणि ‘खंडित’ कामाचे ढोंग बंद करा. कंत्राटी नेमणुका थांबवून रिक्त जागा कायम कामगारांनी भरा. फाटकाचे महत्त्व ठरविताना पायी चालणारा आणि सायकलस्वार यांची गणती करा. भुयारी मार्ग बांधाल तर पावसाळ्यात तळे होणार नाही असे बांधा. आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत, फाटकावर काय नव्हते आणि ते का नव्हते, हे वरच्या अधिकाऱ्याला विचारा. अहवाल जनतेपुढे ठेवा.

रायपूर कलाँचा मजूर फाटकापाशी उभा राहतो तेव्हा त्याच्या आणि धावत्या गाडीच्या मध्ये एक दांडा असतो आणि तो पाडणारा एक कामगार असतो. हे दोघे एकमेकांचे वैरी नाहीत. वेळेवर दांडा पडावा ही दोघांचीही गरज आहे. आणि ती पुरी करण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे कामही दोघांनी मिळूनच केले पाहिजे.