यंदा तक्ता विकत आणू नका

शिक्षकांनो आणि पालकांनो, एक कळकळीची विनंती आहे. शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की मुलांच्या वहीत सूचना येते : ‘महाराष्ट्राचे प्रादेशिक विभाग, प्रकल्प करून आणणे.’ त्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे छापील तक्ते संपतात. कोकण म्हणजे नारळाचं झाड, विदर्भ म्हणजे संत्रं, खानदेश म्हणजे केळीचा घड, मराठवाडा म्हणजे वेरूळचं लेणं, पश्चिम महाराष्ट्र म्हणजे ऊस. चित्रं कापायची, चिकटवायची, आणि रात्री उशिरा आईने सुवाच्य अक्षरात शीर्षक लिहून द्यायचं. तक्ता भिंतीवर लागतो, गुण मिळतात. मग त्याच मुलाला विचारा, संत्रं नागपूरकडेच का, रत्नागिरीत का नाही? मूल गप्प राहतं, कारण हा प्रश्न त्याला कुणी घातलेलाच नसतो.

यंदा तो तक्ता आणू नका. वर्गाला एकच अट घाला : प्रकल्प कोणताही असो, त्यातून ‘हे इथंच का?’ याचं उत्तर मुलांनी शोधलं पाहिजे. त्याला पैसे लागत नाहीत. महाराष्ट्राचा एक मोठा, कोरा, फक्त जिल्ह्यांच्या सीमा दाखवणारा नकाशा तेवढा लागतो.

सुरुवात भाकरीपासून करा. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचं : ‘आजी, तुम्ही लहान असताना कोणत्या गावी राहत होता आणि तिथे रोज कशाची भाकरी व्हायची?’ वर्गात आल्यावर ते गाव नकाशावर शोधायचं आणि तिथे त्या धान्याचे दाणे चिकटवायचे. सोलापूर, बीड, परभणीकडे ज्वारी येईल. नाशिक, अहिल्यानगरकडे बाजरी. खानदेशातल्या एखाद्या आजी ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरीची आठवण काढतील. कोकणात तांदूळ आणि नाचणी. आणि पार पूर्वेला, भंडारा-गोंदियात, पुन्हा भात! इथे वर्ग थांबवा. कोकणात भात पिकतो हे मुलांना माहीत असतं, पण समुद्रापासून इतक्या दूर तो पुन्हा कुठून आला?

उत्तर तुम्ही सांगू नका. पावसाचा नकाशा शेजारी लावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडचा पट्टा कोरडा राहतो, हे वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. ज्वारी-बाजरीचे दाणे नेमके त्याच पट्ट्यात चिकटलेले दिसले की ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. पूर्वेकडे जाल तसा पाऊस पुन्हा वाढतो. नागपूरच्या पलीकडे काळ्या बेसॉल्टचा थरही संपतो आणि जुने, वेगळे खडक सुरू होतात. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी गावोगाव तलाव बांधले. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे तिकडच्या लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. भंडारा-गोंदियाचा भात पावसाचा आहे, आणि या तलावांचाही आहे. मंगळवेढ्याची ज्वारी याच्या अगदी उलट. पाऊस संपल्यावर पेरायची आणि काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर थंडीत वाढवायची.

हे सगळं झाल्यावरच मुलांच्या हातात रंगीत खडू द्या आणि सांगा, आता तुम्हीच विभागांच्या रेषा आखा. भांडणं होतील. सांगली कुठे घालायची, बुलढाण्याचं काय करायचं, एकाच जिल्ह्यात दोन धान्यं आली तर? होऊ द्या. विभागाची रेषा माणसांनी काहीतरी कारण धरून आखलेली असते, हे या वयात कळलं तर पुढे इतिहासही सोपा जातो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि विदर्भ मध्य प्रदेशात होता, आणि १ मे १९६० ला या सगळ्या तुकड्यांचं महाराष्ट्र राज्य झालं, हे मग त्यांना सनावळीसारखं वाटत नाही. आपण खडूने जे केलं तेच मोठ्यांनीही केलं होतं, इतकं त्यांना नक्की समजतं.

दुसरा प्रकल्प पिन कोडचा. त्याच्याइतकं फुकट आणि भरपूर साहित्य दुसरं नाही. मुलांना घरातली रिकामी वेष्टनं आणायला सांगा : बिस्किटं, मसाला, साबण, चहा, काडेपेटी. प्रत्येकावर कुठला तरी सहा आकडी पिन छापलेला असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते पाहा, म्हणजे या आकड्यांची गरज का पडली हे सांगावं लागणार नाही. पहिला आकडा देशाचा मोठा भाग सांगतो. १ आला की दिल्ली, पंजाब, हिमाचलकडचा प्रदेश, ३ म्हणजे राजस्थान-गुजरात, ६ म्हणजे तामिळनाडू-केरळ, ७ म्हणजे बंगाल, ओडिशा आणि ईशान्य भारत. आपला आकडा ४. तो गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचाही आहे. वेष्टनं भारताच्या नकाशावर लावत गेलं की आपल्या स्वयंपाकघरात कुठून काय येतं ते समोर उभं राहतं. एक काळजी घ्या. पुष्कळदा पाकिटावर कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता वेगळा आणि कारखान्याचा वेगळा असतो. दोन्ही शोधायला लावा. मुंबईचं कार्यालय आणि हिमाचलातला कारखाना असं निघालं तर तो स्वतंत्र प्रश्न झाला.

मोठ्या मुलांसाठी याच आकड्यांत एक सुंदर कोडं आहे. चिपळूणचा पिन ४१५ ने सुरू होतो आणि साताऱ्याचाही. कणकवलीचा ४१६ ने आणि कोल्हापूरचाही. सह्याद्रीच्या दोन बाजूंची गावं टपालाच्या हिशेबात एकत्र कशी? मुलांना रस्त्यांचा नकाशा द्या. कुंभार्ली घाट, फोंडा घाट बोटाने शोधू द्या. कोकण रेल्वे पूर्ण होऊन सगळ्या मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये, तर पिन १९७२ मधले. बाकीचा तर्क त्यांना करू द्या. आणखी एक : लातूर आणि धाराशिव मराठवाड्यात, पण त्यांचे पहिले तीन आकडे सोलापूरचे, ४१३. पुस्तकातली रेषा एकीकडे, टपालाची दुसरीकडे.

एसटी स्थानकावरच्या पाट्या, गावातल्या जुन्या घरांचे दगड (कोकणात जांभा, घाटावर काळा पाषाण), आठवडी बाजारातला माल, यांवरही असे प्रकल्प सहज होतात. ते प्रत्येक शाळेला आपापल्या परिसराप्रमाणे सुचतील.

आता जरा नाजूक गोष्ट. तुमच्या वर्गातच वेगवेगळे प्रदेश बसलेले असतात. पुण्यातल्या शाळेत मराठवाड्यातून आलेलं कुटुंब असतं, बांधकामावर काम करणाऱ्या बिहारच्या किंवा छत्तीसगडच्या माणसाचं मूल असतं. सांगली-कोल्हापूरकडच्या शाळांत दसऱ्यानंतर बीडच्या ऊसतोड मजुरांची मुलं येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. पुस्तकात नसलेला भूगोल या मुलांना ठाऊक असतो. गाव का सोडावं लागतं, तिथे पाणी कधी संपतं, ट्रक कोणत्या रस्त्याने येतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना बोलतं करा, पण वर्गापुढे उभं करून नव्हे. त्या मुलाच्या गटाला नकाशाचा त्याच्या गावाकडचा भाग सोपवा, म्हणजे ते मूल आपोआप जाणकार होईल. त्याच्या गरिबीबद्दल प्रश्न विचारू नका आणि इतरांनाही विचारू देऊ नका. ते बोललं नाही, तरी चालेल.

दुसऱ्या राज्यांबद्दलही ‘हे इथंच का?’ हेच विचारायला हवं. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या केंद्र सरकारच्या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, त्यामुळे आपल्या शाळांत ओडिशावर कार्यक्रम होतात. मुली संबळपुरी साडी नेसून नाचतात, पुरीच्या मंदिराचा तक्ता लागतो. नाच जरूर करा, पण तेवढ्यावर सोडू नका. ओडिशातले लोक रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात आणि उन्हाळ्यात तो आंबूस पखाळ भात खातात. का, ते विचारा. तिथल्या किनाऱ्यावरच्या कित्येक शाळांच्या इमारती खांबांवर उंच का बांधल्या आहेत? १९९९ च्या ऑक्टोबरमधलं भीषण चक्रीवादळ आणि त्यानंतर उभे राहिलेले निवारे यांची माहिती काढली की उत्तर मिळतं. मग ३ जून २०२० ला आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ आठवा आणि श्रीवर्धनच्या शाळांत काय झालं असेल ते मुलांना लिहू द्या. ओडिशा १ एप्रिल १९३६ ला भाषेच्या आधारावर वेगळा प्रांत झाला, आपलं राज्य त्यानंतर २४ वर्षांनी. दोन्ही तारखा शेजारी लिहिल्या की बोलायला किती विषय निघतात पाहा.

अभ्यासक्रम संपत नाही, चाळीस-पन्नास मुलं आहेत, तपासणीला अधिकारी आले की भिंतीवर काहीतरी रंगीत दिसावं लागतं, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून वर्षात असा एकच प्रकल्प करा, पण तो महिनाभर चालू द्या, आठवड्याला एक तास. भाकरीच्या नकाशात पाऊस, माती, नद्या, पिकं असे भूगोलाचे बरेच धडे येऊन जातात, त्यामुळे वेळ वाया जात नाही. गुण तोंडी द्या : नकाशावरच्या कोणत्याही एका ठिकाणी बोट ठेवा आणि ‘हे इथंच का?’ एवढंच विचारा. चुकीच्या उत्तरालाही गुण द्या, मुलाने तर्क केला असेल तर.

पालकांनो, तुम्ही मात्र हात लावू नका. वाकडी रेषा राहू दे, फेव्हिकॉलचे डाग राहू देत. तुमचं काम दोनच गोष्टींचं : मुलाला आजी-आजोबांना फोन लावून द्या आणि रिकामी पाकिटं आठवडाभर फेकू नका.

आणि वर्ष संपलं की तो नकाशा रद्दीत घालू नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या. त्यांच्या आज्या वेगळ्या गावांच्या असतील, त्यांचे दाणे वेगळ्या जागी पडतील आणि आधीच्या मुलांच्या रेषा कुठे चुकल्या ते दाखवायला त्यांना आवडेल.